बॅटरीला ऊब द्यायला बल्ब लावू नका (खानापूरहून, करपलेली घोंगडी समोर ठेवून)

खानापूरचा_मास्तर

मंडळी, गेल्या मंगळवारी पहाटे आमच्या सोप्यात जे घडलं ते सविस्तर लिहितो. आपल्या भागात असं करणारे आणखी दोघं-तिघं मला ठाऊक आहेत, म्हणून लिहिणं भाग आहे.

मी खानापूरला राहतो, शाळा बेळगावात. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तीन वर्षं झाली, ई-स्कूटरवरच जातो. डिसेंबर लागला की सकाळी शाळेत पोचेपर्यंत बॅटरी नेहमीपेक्षा पाच-सहा टक्के जास्त उतरते. हे मी रात्री जेवताना घरात बोललो. तात्या (माझे वडील, वय ७४) ताटावर होते. त्यांनी ऐकलं आणि गप्प बसले.

तात्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. थंडीत पिल्लांवर बल्ब सोडायचा हे त्यांच्या हाताला बसलेलं. आम्ही झोपल्यावर त्यांनी माळ्यावरून पत्र्याच्या टोपीचा जुना होल्डर काढला, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावला, स्कूटरच्या फूटबोर्डाखाली बॅटरी असते तिथे टेकवला आणि वरून स्वतःची घोंगडी पांघरली. गाडी चार्जिंगला लावलेली होतीच. पोराची गाडी गारठते म्हणून म्हातारा त्या रात्री नुसत्या चादरीवर झोपला.

पहाटे तीनला बायकोला वास आला. केस जळल्यावर येतो तसा. मी दिवा लावला तेव्हा घोंगडीतून धूर निघत होता, जाळ नव्हता. आधी दोन्ही प्लग ओढले, घोंगडी अंगणात फेकली, गाडी ढकलत परसात नेली आणि उजाडेपर्यंत दहा-बारा पावलांवर बसून राहिलो. काही झालं नाही. सकाळी सर्व्हिसवाल्यांनी पॅक उघडून तपासला, सेल ठीक निघाले. फूटबोर्डाखालचं प्लास्टिक मात्र ओघळून बल्बच्या काचेला चिकटलं होतं. तो बल्ब अजून ठेवलाय, त्याच्यावर काळ्या प्लास्टिकचा थर आहे. बॅटरीची पेटी त्याच्यापासून जेमतेम चार बोटांवर होती.

घोंगडीला बशीएवढं भोक पडलंय. कडा काळी, चिमटीत धरली की भुगा होतो. लोकर करपते, पण जाळ धरून ठेवत नाही, म्हणून आम्ही वाचलो. तिथे सुती वाकळ असती तर आज हे लिहायला मी नसतो. सोप्याच्या भिंतीपलीकडे मुलं झोपलेली होती.

तात्यांना मी एक शब्द बोललो नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत नीट.

आता विचारतो. आपल्याकडच्या थंडीत बॅटरीला ऊब देण्याची गरज खरंच आहे का? असेल तर कशी द्यायची? जाणकारांनी हातचं न राखता सांगावं.

---

साचेवाला

मास्तर, आधी तात्यांना नमस्कार सांगा. त्यांची चूक माहितीची आहे, मायेची नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, आणि बाहेर ई-रिक्षांची, स्कूटरची कामं करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बेळगावात डिसेंबर-जानेवारीला पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो, अगदी कडक पडली तर त्याहून थोडा खाली. लिथियम बॅटरीला खरी इजा शून्याखाली चार्ज केल्यावर होते. सेलमध्ये चार्जिंगच्या वेळी लिथियमचे कण ग्राफाइटच्या आत शिरायचे असतात. फार गारठ्यात ते आत शिरणं मंदावतं आणि लिथियम धातू होऊन पृष्ठभागावरच साचतं. तो साचलेला धातू परत कामाला येत नाही. जास्त झाला तर आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती. म्हणून बहुतेक बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) शून्याखाली चार्जिंग घेतच नाहीत. खानापुरात ती वेळ येत नाही.

दहा-बारा अंशांना आतला रोध वाढतो, रेंज पाच-दहा टक्के घटते, एवढंच. उन्हं वर आली की परत मिळते. ही घट म्हणजे बिघाड नव्हे.

आता तुमचे पाच-सहा टक्के कुठे जातात ते बघू. खानापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, बेळगाव साडेसातशेवर. सकाळी तुम्ही शंभर मीटर चढता. तुम्ही आणि गाडी मिळून दोनशे किलो धरा. तेवढं वजन शंभर मीटर उचलायला ५५ वॅट-तास लागतात, मोटरमधला तोटा धरून ७०. स्कूटर किलोमीटरला ३० वॅट-तास खाते, म्हणजे दोन-सव्वादोन किलोमीटरची रेंज नुसत्या चढात गेली. ही बाराही महिने जाते. सकाळ आणि संध्याकाळ यांची तुलना करत असाल तर हा चढ वजा करा.

दुसरं टायर. तीस अंशांना भरलेली हवा बारा अंशांना दोन-अडीच पीएसआय उतरते. डिसेंबरात हवा तपासली होती का?

तिसरा हिशोब बल्बचा. तुमचा पॅक २५ किलोचा धरू. सेलची विशिष्ट उष्णता किलोमागे साधारण एक किलोज्यूल. दहा अंश वाढवायचे तर ७० वॅट-तास उष्णता सेलपर्यंत पोचली पाहिजे. बल्ब सहा तास जळला म्हणजे ६०० वॅट-तास गेले. ३ युनिटच्या बॅटरीचे पाच टक्के म्हणजे १५० वॅट-तास. दीडशे वाचवायला सहाशे जाळले, आणि त्यातली बहुतेक ऊब फूटबोर्डात, घोंगडीत आणि सोप्याच्या फरशीत गेली.

---

निपाणकर

मास्तर, वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडचं सांगतो. मावसभाऊ संकेश्वरजवळ गुऱ्हाळावर हाय. हंगामात रातपाळी असती. यानं काय करावं, ई-बाईक रोज चुलवाणाच्या भिंतीला टेकवून लावायची. भिंत गरम, गाडी गरम, सकाळी रेंज चांगली मिळती म्हणायचा. दोन महिन्यांत बॅटरी चाळीस टक्क्यांवरनं एकदम पाचवर यायला लागली. मेकॅनिकनं उघडली तर भिंतीकडच्या सेलांचा जीव गेलेला, पल्याडचे ठणठणीत. म्हणजे रोज अर्धी बॅटरी भाजायची आन् अर्धी थंडीत. काहिलीत गूळ एका बाजूनं लागला तर गुळव्या सगळी काहील बिघडली म्हणतो, तसंच झालं हे.

आणिक एक, ह्ये सगळ्या निपाणीकरांनी ऐका. तंबाखूच्या वखारीत आत ऊब असती म्हणून गाड्या आत घालून रात्री चार्जिंगला लावणारे मी डोळ्यांनी बघितल्यात. बोदांच्या (तंबाखूच्या गठ्ठ्यांच्या) थप्पीला टेकवून! बल्ब नसला तरी ह्ये करू नका. ठिणगी पडली तर वर्षाचा माल आन् वखार दोन्ही जाईल.

---

टिळकवाडीची_अक्का

माझी गाडी इमारतीखाली उघड्यावर असते. बॅटरी काढता येते, म्हणून हिवाळ्यात रोज वर घरात आणते. सकाळी निघायच्या आधी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पंधरा मिनिटं बॅटरीवर ठेवत होते. हेही चूक का? पाणी हाताला सोसवेल एवढंच असतं.

---

साचेवाला

अक्का, घरात आणता हे सगळ्यात उत्तम. पिशवी बंद करा. पंधरा मिनिटांत ऊब वरच्या पत्र्यापलीकडे जात नाही, आणि पिशवी एकदा गळली की पाणी कनेक्टरमध्ये. पिशवी गळतेच कधी ना कधी. घरातली बॅटरी वीस-बावीस अंशांवर असते, त्याला वर काही लागत नाही. आणताना दोन गोष्टी बघा. बाहेरून फार गार बॅटरी आत आणली तर तिच्यावर दमट हवेचं पाणी धरतं, तेव्हा पुसून अर्धा तास थांबून मग चार्जर लावा. आणि चार्जिंग दाराच्या वाटेत नको. काही झालंच तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

---

जांबोटीकर

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

तुम्ही बेळगाव-खानापुराचं बोलताय. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीला डोंगरात पहाटे धुकं उतरतं तेव्हा हँडल धरवत नाही. मी दोन हिवाळे बॅटरीच्या पेटीखाली २५ वॅटचा सिलिकॉनचा हीटिंग पॅड लावतोय. अंडी उबवायच्या पेटीला असतो तो थर्मोस्टॅट जोडलाय, २० अंशांना बंद होतो. आजवर काही झालेलं नाही. माझ्या पोटापाण्याची गाडी आहे, दूध घालतो. सकाळी पहिल्या चढाला ताकद कमी पडून चालत नाही.

---

बर्फातला_बेळगावकर

मूळचा वडगावचा, गेली अकरा वर्षं कॅनडात एडमंटनला. इथे जानेवारीत पारा उणे पंचवीसपर्यंतही जातो, म्हणून दोन शब्द लिहितो.

इथे ऊब हवीच, आणि म्हणूनच ती कारखान्यातूनच आलेली असते. निसान लीफसारख्या सुरुवातीच्या गाडीतही बॅटरी वॉर्मर होता, आणि तो चालू व्हायचा उणे १७ च्या आसपास. उणे सतरा! बारा अंशांना त्या गाडीला थंडी वाजत नाही. आता गाड्या निघायच्या आधी चार्जरच्याच विजेवर बॅटरी तापवून घेतात, काही मोटरची वाया जाणारी उष्णता फिरवून वापरतात.

जुन्या ई-बाईकवाले आणि स्वतः गाड्या बनवणारे हौशी लोक इथे घरगुती ऊब देतात. ज्यांचं वर्षानुवर्षं सुरळीत चालतं त्यांचं काम मी जवळून बघितलंय. पॅड कमी वॅटचा असतो. तो सेलला थेट चिकटवत नाहीत, मधे ॲल्युमिनियमचा पत्रा घालतात म्हणजे ऊब पसरते. सेन्सर पॅडजवळ लावत नाहीत, सेलांवर लावतात, एक जवळ आणि एक सगळ्यात लांब. थर्मोस्टॅटखेरीज मालिकेत दुसरा स्वतंत्र कटआउट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा) असतो, आणि शिवाय एकदाच उडणारा थर्मल फ्यूज. कारण स्वस्तातल्या थर्मोस्टॅटचा रिले (आतला स्विच) बिघडतो तेव्हा पुष्कळदा संपर्क चिकटूनच बसतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. भोवती थर्माकोल नाही, जाळ न धरणारं आवरण. आणि हेही सगळं पाच-दहा अंशांपर्यंत आणायला, वीस-पंचवीसला नाही.

जांबोटीकर, तुमच्याकडे दुसरा कटआउट आहे का?

---

माजी_सुभेदार

मी मराठा लाईट इन्फंट्रीचा. बेळगावच्या सेंटरला शिकलो, नोकरीत दोन हिवाळे लडाखमध्ये काढले. तिथल्या थंडीपुढे आपली थंडी ही थंडी नव्हे.

आमच्या गाड्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या आम्ही रात्री काढून बुखारीच्या (खोली तापवायच्या शेगडीच्या) खोलीत आणायचो. रोज, न चुकता, हात बधीर झालेले असताना. पूर्ण चार्ज असलेली शिशाची बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपासच आतलं पाणी गोठतं आणि डबा फुटतो. म्हणून एक नियम होता, उतरलेली बॅटरी गाडीत ठेवून झोपायचं नाही. आणलेली बॅटरी बुखारीला चिकटवून ठेवायची नाही, हाही नियम. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, लाकडी फळीवर. आमचा उस्ताद म्हणायचा, बॅटरीला निवारा द्या, आग नको.

मास्तर, तुमच्या तात्यांना माझा रामराम. जेवायला सांगा त्यांना.

---

जांबोटीकर

@बर्फातला_बेळगावकर, दुसरा कटआउट नाही. सेन्सर पॅडच्याच कडेला टेपनं चिकटवलेला आहे. उद्या बघतो.

---

खानापूरचा_मास्तर

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद तात्यांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. लडाखची हकीकत ऐकून ते पहिल्यांदा त्या रात्रीविषयी बोलले. म्हणाले, “पिल्लं बल्बखाली घोळका करून बसली तर समजायचं बल्ब वर आहे, ऊब कमी पडते. कडेला पांगली तर समजायचं बल्ब खाली आलाय. बॅटरी काय पांगणार?” मला वाटतं सगळं यात आलं. डालग्यातलं पिल्लू स्वतः सरकतं आणि आपल्याला सांगतं. बॅटरीला सरकता येत नाही, आणि तिच्या पेटीतले तापमानाचे सेन्सर जिथे बसवलेत तिथलंच बघतात. बाहेरून एका कोपऱ्यात बल्ब टेकवला तर तो कोपरा भाजेपर्यंत त्यांना पत्ता लागेलच असं नाही.

साचेवाले दादा, एक विचारतो. प्लास्टिक वितळलं, तर सेल कितीपर्यंत पोचले असतील?

---

साचेवाला

सेल पोचले नाहीत, म्हणून तुम्ही लिहिताय. बल्बची काच उघड्यावरसुद्धा शंभर अंशांच्या पुढे जाते, घोंगडीखाली त्याहून वर. फूटबोर्डाचं एबीएस प्लास्टिक शंभराच्या आसपास मऊ पडतं. सेलच्या आत ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ॲनोडवरचा (म्हणजे त्या ग्राफाइटवरचा) संरक्षक थर सुटू लागतो, आणि ती क्रिया स्वतःच उष्णता सोडते. एकदा ती साखळी धरली की बल्ब काढून उपयोग नसतो. तुमच्या पॅकचा धातूचा डबा आणि मधली हवा यांनी वेळ काढून दिला.

२०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर एआयएस-१५६ चे (बॅटरीच्या सुरक्षेच्या मानकाचे) नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. एक सेल पेटला तर आग पॅकभर पसरते का याची चाचणी त्यात आली. पण ती चाचणी पॅक जसा बनवला तसा असताना होते. त्याच्यावर घोंगडी आणि खाली बल्ब धरून कुणी पॅक बनवत नाही. चार्जिंगच्या वेळी पॅकला स्वतःची उष्णता बाहेर टाकायची असते, आणि आपण नेमकी तेव्हाच त्याला पांघरूण घालतो.

शिवाय ऊब फुकट नसते. बॅटरीची झीज दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते असा कामचलाऊ हिशोब आहे. आपल्याकडे बॅटरीला जपायचं ते एप्रिलमध्ये, उन्हात तापलेल्या गाडीला लगेच चार्जर लावणाऱ्यांपासून. डिसेंबर हा तिच्या विश्रांतीचा महिना.

ऊब हवीच तर ती गाडी चालवल्यावर आपोआप आलेली असते. संध्याकाळी घरी पोचलात की पॅक कोमट असतो. तेव्हाच चार्जिंग सुरू करा, गाडी उघड्या अंगणाऐवजी आत घ्या, वर काही पांघरू नका. पंचवीस किलोची वस्तू रात्रभरात सावकाशच थंड होते.

---

ई_रिक्षा_शहापूर

शिशाच्या बॅटरीच्या रिक्षेला हेच लागू का? हिवाळ्यात माझी सकाळची एक फेरी कमी होते.

---

साचेवाला

शिशाला थंडी लिथियमपेक्षा जास्त लागते. दहा अंशांना क्षमता पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, आणि थंडीत पूर्ण चार्ज व्हायला व्होल्टेजही थोडं जास्त लागतं. साधा चार्जर ते देत नाही, म्हणून हिवाळाभर बॅटरी अर्धपोटी राहते. चार्जर एक-दीड तास जास्त चालू ठेवा, पाण्याची पातळी बघा. शिशाच्या बॅटरीवर बल्ब तर नकोच नको, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. रिक्षाची डिकी उघडी ठेवूनच चार्ज करा.

---

जांबोटीकर

पेटी उघडली. पॅडच्या एका कोपऱ्यात वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलंय. थर्मोस्टॅट २० दाखवत होता तेव्हा पॅडच्या मधोमध वेगळ्या थर्मामीटरनं मोजलं, ५८ अंश. मी दोन वर्षं सेन्सरवर विश्वास ठेवून निवांत झोपत होतो. पॅड काढून टाकला.

चार दिवस पॅडशिवाय दूध घातलं. पहिल्या चढाला थोडी ढिली वाटते, दोन किलोमीटरनंतर फरक कळत नाही. कळशा तेवढ्याच, वेळ तेवढाच. गाडी आता गोठ्याशेजारच्या खोलीत लावतो. चोर्ल्याकडे जाणाऱ्यांना एकच सांगणं, पहाटे बॅटरी शंभर टक्के आणि गार असेल तर घाटात उतरताना रिजन (मोटर उलटी वीज बनवून गाडीला आवरते ते) जवळजवळ मिळत नाही, ब्रेकवर भिस्त ठेवून सावकाश उतरा.

---

खानापूरचा_मास्तर

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. मधल्या काळात अंडी उबवायच्या पेटीचा थर्मामीटर आणून त्याची वायर पॅकच्या डब्याला लावली. बल्ब नाही, पांघरूण नाही, काही नाही.

संध्याकाळी साडेसहाला घरी पोचल्यावर ३१. चहा पिऊन लगेच चार्जिंग लावतो, नव्वद टक्क्यांना बंद. जेवणं होईपर्यंत काम संपतं, घर जागं असतं. रात्री दहाला २९. पहाटे साडेपाचला सोप्यात २०, त्याच वेळी अंगणातली हवा १२. एक रात्र मुद्दाम गाडी अंगणात ठेवली, तेव्हा पहाटे पॅक १५. म्हणजे सोप्याच्या भिंतींनी जे पाच अंश दिले ते फुकट आणि बिनधोक. टायरमध्ये खरंच हवा कमी होती, पुढे तीन पीएसआय. ती भरल्यावर आणि गाडी आत घेतल्यावर शाळेत पोचताना फरक दोन टक्क्यांवर आला. ते दोन टक्के थंडीला देऊन टाकले.

थर्मामीटर तात्याच वाचतात. पहाटे उठून आकडे वहीत लिहितात, शेजारी अंगणातलं तापमान. कोंबड्यांच्या वेळची हिशोबाची वही आहे, मागची पानं कोरी होती.

घोंगडी तेवढी राहिली. तात्यांच्या आईच्या हातची आहे, टाकायला ते तयार नाहीत. बेळगावात दोन ठिकाणी दाखवली, दोघंही नवी घ्या म्हणाले. बशीएवढं भोक भरून देणारं कुणी आहे का?

---

निपाणकर

सणगराकडं (घोंगड्या विणणाऱ्याकडं) द्या. मशीनची शिलाई घोंगडीला धरत न्हाई, उसवती. करपलेली कड आधी पूर्ण कापून टाका, मऊ लोकर लागंपतूर. तिथनं त्याच जातीच्या लोकरीचा दोरा घेऊन विणत विणत भरून देत्यात. आमच्या गल्लीत एक म्हातारबा अजून करतोय. चिकोडीच्या बाजाराला मी दर आठवड्याला येतो, तिथवर पोच करा, मी घेऊन जातो.